वाढत्या अंगाचं जॅकेट

ते डाइव्हिंगचं जॅकेट खाली ठेव आणि समोर बस. काल होडीवर मी गप्प राहिलो, कारण तांडेल आणि बाकीची पोरं ऐकत होती. चारचौघांत शिष्याचा पाणउतारा मी करत नाही. आज आपण दोघंच आहोत, तेव्हा आज तुला सगळं ऐकून घ्यावं लागेल.

काल काय झालं ते आधी नीट आठव. १० मीटरवर होतो आपण, सिंधुदुर्गाच्या खडकापाशी. पाणी गढूळ, हाताच्या पलीकडचं धूसर. तू वर सरकायला लागलास. डावा हात हवा भरायचा-सोडायचा इन्फ्लेटर शोधत गेला, पण जॅकेट सरकून कानांपर्यंत आलं होतं आणि इन्फ्लेटरची नळी खांद्यामागे लोंबत होती. मग उजव्या हाताने मागचा, हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह चाचपलास. तोही मिळाला नाही, कारण तो नेमका कुठे आहे हे तू किनाऱ्यावर एकदाही डोळे मिटून शोधून पाहिलं नव्हतंस. मी तुझा फिन पकडला म्हणून थांबलास. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलंय. खोल पाण्यात भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर फुप्फुसाला इजा व्हायला सव्वा-दीड मीटरसुद्धा पुरतं. तुझ्या डोक्यावर १० मीटर होते.

आणि होडीत चढल्यावर तू मला म्हणालास, “सर, जॅकेट नवीन आहे, अजून सवय नाही.” हे बोलणं मला रात्रभर टोचलं. सवय नवीन चपलेची करून घेतात. पाण्याखाली जीव ज्याच्या भरवशावर तोलायचा, ते अंगाला बसतं की नाही हे पैसे मोजण्याआधी बघायचं असतं.

पन्नास हजार रुपये घातलेस. मला विचारलं नाहीस, कुणाचं मागून घालून पाहिलं नाहीस. रंग आवडला, खिसे जास्त दिसले, कुठल्यातरी व्हिडिओत कुणाच्या अंगावर छान दिसलं. वर मापही एक नंबर मोठं घेतलंस, आत वेटसूट येईल म्हणून. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची आपल्या घरांतली जुनी सवय आहे. तिथे ती काटकसर शोभते. इथे ढिलं जॅकेट हवा भरली की वर चढतं, रिकामं झालं की टाकी पाठीवर डावी-उजवीकडे लोळते, आणि ज्या क्षणी हवा सोडायची त्याच क्षणी व्हॉल्व्ह जागेवर सापडत नाही. आणि आता म्हणतोस की बहिणीसाठीही अगदी तसंच मागवलंय! तिची उंची बघितलीस? तिच्या पाठीची लांबी, खांद्यांची रुंदी? तुझ्या मापाचे पट्टे तिच्या खांद्यांवरून घसरतील आणि कमरेचा पट्टा तिच्या पोटावर येईल. आज घरी गेल्यावर पहिल्यांदा ती ऑर्डर रद्द कर.

आता मूळ चुकीकडे येतो. तुझा समज असा झालाय की जॅकेट आपल्याला तरंगवतं. तरंगवण्या-बुडवण्याचं पहिलं काम तुझ्या वजनांचं आणि दुसरं तुझ्या श्वासाचं आहे. उरलेली तफावत भरून काढायला जॅकेट आहे. फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली श्वासाचं यंत्र पाण्यात नेलं. गळ्यात अडकवायची फुगणारी पिशवी फ्रान्सच्याच मॉरिस फेन्झीने आणली १९६१ साली. मधली अठरा वर्षं लोक अंगाला मोजकं वजन लावून आणि श्वास सांभाळून पाण्यात स्थिर राहतच होते. तू मात्र काल माझ्याकडे १० किलो वजन मागून घेतलंस, “खाली जायला बरं पडतं” म्हणून. तुझ्या अंगाला, या ३ मिलिमीटरच्या सूटला, ६ पुरतात. त्या जादा ४ किलोंचा हिशेब मांड. ती तोलायला जॅकेटमध्ये ४ लिटर हवा जास्त भरावी लागते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तीच ४ लिटर वर येताना फुगत फुगत ८ लिटर होते. जसजशी फुगते तसतशी तुला आणखी जोरात वर ओढते. काल तुला वर नेत होती ती हीच हवा. तुझी चूक ढिल्या जॅकेटच्याही आधी, त्या वजनांपासून सुरू झाली.

म्हणून आधी वजन ठरतं आणि त्यावरून जॅकेट ठरतं. तू वेष्टनावरचा आकडा मोठा बघून खूश झालास: २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो उचलणारं. गरज किती, ते कधी मोजलंस? खोल गेल्यावर सूट दबतो, त्याचे फार तर दोनेक किलो. आपल्या ११ लिटरच्या टाकीत २०० बारला जी हवा असते, तिचं वजन अडीच किलोच्या आसपास. त्यावर, पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला थोडं. तुझं काम १२-१४ किलोंत निभावतं. थंड पाण्यात जाड सूट घालून उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे २६-२८ अंशांचं पाणी असतं. मोठी पिशवी अर्धीमुर्धी भरली की हवा तिच्यात एका बाजूला पळते, पोहताना पाण्याला अडते आणि दमवते.

आणखी एक गैरसमज डोक्यातून काढून टाक. हे लाइफ जॅकेट नाही. या जॅकेटांचं जे युरोपीय मानक आहे, ईएन १८०९, त्यातच हे स्पष्ट आहे की बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहील याची हमी ते देत नाही. ज्यांची हवा फक्त पाठीमागे भरते ती जॅकेटं पाण्याखाली अंगाला छान आडवं ठेवतात, पण पृष्ठभागावर फार फुगवली तर तोंडावर ढकलतात. कुशीत आणि पोटाशी हवा भरणारी वर उभं धरतात, पण गच्च फुगवली की छाती आवळतात. पाठीला पोलादी पत्रा आणि मागे पंख असलेला साज मजबूत, त्याचे पट्टे अंगाला हवे तसे बसवता येतात, आणि त्या पत्र्याचे अडीच-तीन किलो तुझ्या पट्ट्यातून कमी होतात. पण अंदमानला विमानाने जाताना १५ किलोंच्या सामानात तो बोजा होतो. यातलं सर्वांना एकच चांगलं, असं मी कधीच म्हणणार नाही. तुला कुठे उतरायचंय आणि किती वेळा, हे तू स्वतःला विचारायला हवं होतंस.

घेताना काय बघायचं, तेही आता ऐकून घे. आपला सूट घालून जॅकेट चढवायचं. पूर्ण फुगवायचं, जादा हवेचा व्हॉल्व्ह आपोआप सुटेपर्यंत. तेव्हा पोटभर श्वास घेता आला पाहिजे. मग रिकामं करून खांदे हलवायचे. वर चढता कामा नये. डोळे मिटून प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक बकल, वजनांचे खिसे हाताला लागले पाहिजेत, आणि ते खिसे एका हिसक्यात सुटले पाहिजेत. कुणाचं वापरलेलं घेत असशील तर फुगवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी मऊ पडलंय का ते बघायचं. शिवणी, नळीचा सांधा, आतून येणारा कुबट वास, सगळं तपासायचं.

शेवटचं, आणि हे मी स्वतःच्या अंगावर झेललंय. तुझं जॅकेट काल दुपारपासून आतापर्यंत खोलीबाहेर दोरीवर खाऱ्या पाण्यासकट वाळत होतं. मी मघाशी बटण दाबून पाहिलं, आताच खरखरतंय. तुझ्या वयाचा असताना मीही असाच आळस केला. सात मीटरवर इन्फ्लेटरचं बटण आत मिठाने अडकलं, हवा भरत राहिली आणि मला वर नेऊ लागली. एका हाताने हवा सोडत दुसऱ्या हाताने नळीची जोडणी ओढून काढली, म्हणून आज इथे बसलोय. त्या दिवसापासून प्रत्येक डाइव्हनंतर मी जॅकेटच्या आत गोडं पाणी भरतो, हलवतो, उलटं करून काढतो, थोडी हवा भरून सावलीत टांगतो. पंधरा मिनिटं लागतात. तेवढी पंधरा मिनिटं तुझ्याकडे नसतील तर माझ्या होडीत तुला जागा नाही.

मी एवढं कडक बोलतोय, कारण तू माझ्या हाताखाली तयार झालेला आहेस. उद्या तू दुसऱ्याला पाण्यात नेशील, आणि तो तुझ्या जॅकेटकडे बघून आपलं घेईल.

आता ऊठ. गोड्या पाण्याचा पिंप मागे आहे. हे जॅकेट आधी त्यात धू, मग दुकानाला फोन कर आणि माप बदलून मिळतं का विचार. नाही मिळालं तर विक, तोटा सोस, पण अंगात घालू नकोस. उद्या सकाळी सातला ओहोटी आहे. माझी तीन जुनी जॅकेटं काढून ठेवतो. किनाऱ्यालगत, पाय टेकणार नाहीत एवढ्या पाण्यात, सगळा साज चढवून, जॅकेट रिकामं ठेवून, साधा श्वास धरून उभं तरंगायचं. पाणी डोळ्यांशी आलं पाहिजे आणि श्वास सोडला की तू हळूच खाली गेला पाहिजेस. टाकी भरलेली असेल तर वर दोन किलो लावू. किती किलो लागले ते वहीत लिहायचं आणि वही मला दाखवायची. तो आकडा हातात आला की तुझ्याबरोबर जॅकेट घ्यायला मी स्वतः येईन.