चौकट कोणी ठरवायची?

संगणकाच्या पडद्याचं रंगरूप बदलत बसणं हा रिकामपणाचा उद्योग आहे, असं मुक्त सॉफ्टवेअर वापरणारेही बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी एक आहे प्रोग्रामचा अभ्यास करून तो बदलण्याचं. परवान्यानुसार ते सगळ्यांना आहे, पण प्रत्यक्षात सोर्स कोड वाचता येणाऱ्या थोड्यांच्याच वाट्याला येतं. ज्याने आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही अशा शिक्षकाच्या, हिशेबनिसाच्या, भाषांतरकाराच्या हाताला हे स्वातंत्र्य लागतं ते डेस्कटॉपवर. तो खालची पट्टी वर नेतो, नको असलेली बटणं काढतो, कॅप्स लॉकच्या कळीला इंग्रजी-मराठी अदलाबदलीचं काम देतो. ज्याचे हात थरथरतात तो कळ क्षणभर दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटू नये अशी सोय करून घेतो. त्याच्यासाठी ही सजावट नसते. संगणक वापरता येणं किंवा न येणं त्यावर अवलंबून असतं.

हा अधिकार किती नाजूक आहे ते २०११ मध्ये दिसलं. तोवर लिनक्सवर ग्नोम २ हा फार लोकप्रिय डेस्कटॉप होता. त्यात वर एक पट्टी, खाली एक. कोणत्याही पट्टीवर उजवी क्लिक करायची आणि हवं ते बसवायचं: घड्याळ, हवामान, रोजचे प्रोग्राम. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि ही रचनाच गेली. वरची पट्टी राहिली, पण तिच्यावर उजव्या क्लिकने काही घडेना. खिडकी खाली दडवण्याचं बटण चौकटीवरून गायब झालं. ते परत आणायचं तर वेगळं साधन शोधून घ्यावं लागे. नव्या रचनेमागे विचार नव्हता असं नाही. विचलित करणाऱ्या गोष्टी कमी असाव्यात आणि माणसाने एका वेळी एका कामात राहावं, हा तो विचार. पण कसं काम करावं याचा निर्णय वापरणाऱ्याकडून रचनाकाराकडे गेला होता. संताप उसळला. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त करून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप धरला.

पुढे जे झालं त्यासाठी मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा कोड घेतला आणि तो पुढे चालवायला सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयावरून त्याचं नाव ‘माते’ ठेवलं. नव्या ग्नोमशेजारी तो सुखाने नांदावा म्हणून प्रत्येक भागाला नवं नाव द्यावं लागलं. फाइली दाखवणारा नॉटिलस ‘काहा’ झाला, जीएडिट ‘प्लुमा’, खिडक्या सांभाळणारा मेटासिटी ‘मार्को’. हे काम कंटाळवाणं आणि किचकट होतं, पण लोक जमले आणि ते तडीस गेलं. ‘माते’ आजही चालू आहे. लिनक्स मिंटवाल्यांनी उलट दिशेने जाऊन ग्नोम ३ च्याच पायावर ‘सिनॅमन’ हा जुन्या वळणाचा डेस्कटॉप उभा केला. एखाद्या कंपनीच्या बंदिस्त प्रणालीत नावडता बदल आला की आपण तक्रार करतो आणि सवय करून घेतो. इथे काढून टाकलेली पट्टी लोकांनी परत बसवली, आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं आहे आणि ते मी गांभीर्याने घेतो. ग्नोमच्या जडणघडणीत वाटा असलेल्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ च्या सुमाराला मांडलं होतं की प्रत्येक पर्यायाची किंमत मोजावी लागते. हिशेब सोपा आहे. हो-नाही असे दहाच पर्याय ठेवले तर १,०२४ प्रकारच्या मांडण्या होतात, आणि त्या सगळ्या कोणीच तपासू शकत नाही. २०१९ मध्ये ग्नोमसाठी ॲप लिहिणाऱ्या काहींनी एक खुलं पत्र लिहिलं. लिनक्सच्या वितरणांनी, म्हणजे लिनक्सचे तयार संच देणाऱ्यांनी, आमच्या ॲपवर परस्पर आपली थीम चढवू नये, अशी त्यांची विनंती होती. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं दिसू लागली, चिन्हांचे अर्थ बदलले की तक्रारी येतात त्या ॲप लिहिणाऱ्याकडे. घरी बसून स्वतःच्या संगणकावर खटपट करणाऱ्याला मात्र त्यांनी मनाई केली नव्हती, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. डेस्कटॉपला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांचं, म्हणजे एक्स्टेन्शनांचंही तसंच. ग्नोमची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दर वेळी काही एक्स्टेन्शनं बंद पडतात. २०२३ मधल्या ग्नोम ४५ ने तर त्यांची अंतर्गत मांडणीच बदलली. जुनं प्रत्येक एक्स्टेन्शन नव्याने जुळवून घ्यावं लागलं, आणि ज्यांचे कर्ते सोडून गेले होते ती तिथेच संपली.

तरीही यावरून पर्याय काढून टाकावेत असं निघत नाही. सुरुवातीची मांडणी साधी आणि नीट तपासलेली असावी, एवढंच निघतं. केडीईचा प्लाझ्मा हा डेस्कटॉप मला म्हणूनच अधिक न्याय्य वाटतो. उघडला की तो सरळसाधा असतो, आणि खोलात जाणाऱ्याला एकेका ॲपच्या खिडकीसाठी स्वतंत्र नियमही लिहू देतो.

मराठी वाचकाला यातलं काय, हे अगदी एका अक्षरापर्यंत जाऊन दाखवता येतं. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. पडद्यावर मात्र आपल्याला बहुतेक वेळा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. अनेक फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, फक्त मजकूर मराठी आहे हे यंत्राला कळावं लागतं. ग्नोममध्ये मजकूर मांडण्याचं काम पँगो हा घटक करतो, आणि आपल्या पसंतीच्या भाषांची यादी त्याला एका ओळीत देता येते: आधी इंग्रजी, मग मराठी. मेनू इंग्रजीच राहतात, पण देवनागरी दिसली की पँगो ती मराठी धरतो आणि फाँटमध्ये सोय असेल तर ल ला पाकळ्या येतात. कोणत्या भाषेला कोणता फाँट हेही फाँट निवडून देणाऱ्या फाँटकॉन्फिग या घटकाच्या एका छोट्या फाइलीत लिहून ठेवता येतं. शासन निर्णय होऊन इतकी वर्षं झाली, आणि त्याची अंमलबजावणी आपल्या पडद्यावर आपल्यालाच करता येते. लिपीवर प्रेम करणाऱ्या माणसाला ही क्षुल्लक गोष्ट वाटणार नाही.

पण हे प्रत्येकाने एकेकट्याने करत बसावं हेही मला मान्य नाही. केरळात ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली प्रणाली शाळांना देते. शाळेला लागणारी साधनं आणि मल्याळम त्यात आधीच बसवलेली असतात. जुळवणी एकदाच होते आणि तिचा उपयोग हजारो मुलांना होतो. मराठी शाळांसाठी असा संच करायला नवं काही शोधून काढायचं नाही. मराठी वळणाचे फाँट, इनस्क्रिप्टचा कळफलक, मराठी मेनू, शब्दलेखन तपासणी हे सगळं सुटं सुटं उपलब्ध आहे. ते एकत्र बांधणारं आणि दर नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा तपासणारं माणूसबळ लागेल, त्याला पगार लागेल, आणि मराठी भाषेच्या नावाने होणाऱ्या खर्चात त्याची तरतूद व्हायला हवी.