भिंत आणि ताट

दवाखान्यात नर्सला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. तिच्या गळ्यात मंगळसूत्र असतं, घरी पोरंबाळं वाट बघत असतात, तरी ती सिस्टरच. पुरुष परिचारक आले तेव्हा तेही ओघाने ‘ब्रदर’ झाले. ही हाक मठांतून आली हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. मला गंमत वाटते ती वेगळीच. आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याची सेवा करण्याची रीत ज्या बायकांनी फ्रान्समध्ये रुजवली, त्या आपण मठातल्या नाहीच असं हट्टाने सांगत राहिल्या.

गोष्ट 1617 सालची. लिऑनजवळच्या शातियों गावात विन्सेंट डी पॉल नावाचा शेतकरी घरातला धर्मगुरू नुकताच आला होता. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्याला कळलं, की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच अंथरुणाला खिळले आहेत. प्रवचनात त्याने ते सांगितलं. दुपारी तो निघाला, तर वाटेवर बायकांची रीघ लागलेली. कुणी देऊन परतते आहे, कुणी घेऊन निघाली आहे. एका दिवसात इतकं अन्न जमलं, की ते नासणार, आणि पुढच्या आठवड्यात त्या घरात पुन्हा फाका. विन्सेंटच्या लक्षात आलं, की गावात दया भरपूर आहे, पाळ्या कुणी लावलेल्या नाहीत.

त्याने पाळ्या लावल्या. बायकांचं मंडळ काढलं आणि नियम लिहून दिले. ते नियम वाचताना एखाद्या जाणत्या सासूने समोर बसवून सांगितल्यासारखे वाटतात. जिची पाळी तिने स्वयंपाक करून आजाऱ्याकडे न्यावा. हसतमुखाने बोलावं. खाटेवर ताट मांडावं, त्यावर स्वच्छ फडकं घालावं, त्याचे हात धुवावेत, मांस कापून द्यावं. आणि घरं घेताना आधी ज्यांच्याजवळ कुणी आहे त्यांची घ्यावीत. एकटे पडलेले आजारी शेवटी ठेवावेत, म्हणजे त्यांच्यापाशी जास्त वेळ बसता येईल. धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ एका बाजूला आणि हे शेवटचं कलम एका बाजूला ठेवलं, तर माझं पारडं कुठे झुकेल हे सांगायला नको.

अशीच मंडळं पुढे पॅरिसमध्येही निघाली, तिथे मात्र गाडी अडली. तिथल्या मंडळात सरदार-दरकदारांच्या बायका. रश्श्याचं भांडं घेऊन गल्लीबोळात शिरणं त्यांच्या इभ्रतीला झेपेना. त्या मोलकरणींना पाठवू लागल्या. तेव्हा सुरेन गावची मार्गरीत नासो पुढे आली. गुरं राखणारी पोर. मुळाक्षरांचं पुस्तक विकत घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून एकेक अक्षर विचारत ती वाचायला शिकली होती. तिच्यामागून खेड्यांतल्या आणखी मुली आल्या. प्लेग झालेल्या एका बाईला मार्गरीतने स्वतःच्या बिछान्यात जागा दिली आणि 1633 मध्ये ती त्याच रोगाने गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लुईझ द मरियाक या विधवेने अशा मुलींना आपल्या घरी एकत्र ठेवलं. ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ तिथला.

मुलींपुढचा खरा अडथळा रोगराईचा नव्हता, भिंतीचा होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये आणि पाचव्या पायस पोपने 1566 मध्ये ठरवून टाकलं होतं, की व्रतस्थ स्त्री म्हणजे कोंडलेली स्त्री. दाराला कुलूप, भेटायला जाळी. फ्रान्सिस डी सेल्स यांनी 1610 मध्ये अ‍ॅनसीत काढलेल्या संघातल्या भगिनी आजाऱ्यांच्या घरी जात असत. आठेक वर्षांत त्यांना आत घेऊन दार लावण्यात आलं. इंग्लंडच्या मेरी वॉर्डने मुलींच्या शाळा चालवायला मोकळा संघ उभारला. 1631 मध्ये पोपने तो मोडून काढला आणि तिला म्युनिकच्या एका मठात डांबलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. कागद शेकला की अक्षरं उमटत.

विन्सेंटने भिंतीशी टक्कर घेतली नाही, शब्द टाळला. तुम्ही मठवासिनी नाही, असं तो मुलींना पुन्हा पुन्हा बजावायचा: आजाऱ्यांची घरं तुमचा मठ, भाड्याची खोली तुमची कुटी, शहराचे रस्ते तुमचं आवार. व्रतं घ्यायची तीही एका वर्षापुरती, दर 25 मार्चला नव्याने. याला कुणी कावा म्हणेल. म्हणो बापडा. तो कावा टिकला, आजही त्या चर्चच्या कायद्याने ‘नन’ नाहीत.

प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर प्रार्थना सोडून उठा, असंही तो सांगे. देवासाठीच देवाला सोडणं म्हणायचा त्याला. मराठी माणसाला इथे पुंडलिक आठवतोच. फरक एवढाच, की पुंडलिकाने विठ्ठलाला विटेवर थांबवलं ते स्वतःच्या आईबापांसाठी. या मुली ज्याचं नावही ठाऊक नाही त्याच्यासाठी उठत होत्या. मला वाटतं, हा फरक लहान नाही.

भिंत पुढेही नवनव्या दारांपाशी उभी राहिली. विसाव्या शतकातसुद्धा व्रतस्थ भगिनींना बाळंतपण करायला बंदी होती. अ‍ॅना डेंगेल ही ऑस्ट्रियन डॉक्टर 1920 पासून रावळपिंडीत काम करत होती. तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत आणि ज्या भगिनींना हात लावता आला असता त्या रोमच्या पडद्यात. डेंगेलने 1925 मध्ये औपचारिक व्रतांशिवायच ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ काढल्या. युक्ती तीच. 1936 मध्ये रोमने बंदी उठवली. 1948 मध्ये लोरेटोच्या मठातून बाहेर पडलेली एक शिक्षिका शुश्रूषा शिकायला पाटण्याला याच भगिनींच्या रुग्णालयात गेली. लोरेटोही मेरी वॉर्डच्याच परंपरेतला संघ. ती शिक्षिका म्हणजे मदर तेरेसा.

विन्सेंटच्या मुलींनी कपडे निवडले ते गावाकडच्या बायका घालत तसलेच, करडे, गर्दीत मिसळून जाणारे. फॅशन बदलली, यांचे कपडे तेच राहिले. डोक्यावरच्या शिरोवस्त्राला खळ बसली, त्याचे दोन पांढरेशुभ्र पंख झाले आणि कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून घेतलेला वेश शंभर पावलांवरून ओळखू येऊ लागला. 1964 मध्ये तो त्यांनी टाकून दिला. तेरेसाबाईंनी घेतलेली साडीही कोलकात्यातल्या गरीब बायकांची, स्वस्तातली, सुती. तिच्या निळ्या काठांची 2016 मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली आहे.