पुलंचं तर्पण कुणी करायचं?

माघ शुद्ध अष्टमीला पंचांगात 'भीष्माष्टमी' अशी नोंद असते. त्या दिवशी भीष्मांना पाणी द्यायचं. एरवी तर्पण हे मुलाचं काम, आणि तेही वडील गेल्यानंतरचं. भीष्मांच्या बाबतीत मात्र धर्मशास्त्रानं नात्यागोत्याची अट सैल केली. कुणीही पाणी द्यावं, ज्याचे वडील हयात आहेत त्यानंही द्यावं, असा निर्णय ग्रंथांनी देऊन ठेवला आहे. कारण उघड आहे. या माणसानं लग्न केलं नाही, त्याला मूलबाळ नाही, मग त्याची आठवण ठेवायची कुणी? शास्त्रकारांनी ती जबाबदारी सगळ्यांवर टाकली.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे आणि सुनीताबाई यांनाही मूल नव्हतं. पुलं १२ जून २००० रोजी पुण्यात गेले. तो त्यांच्या लग्नाचाही वाढदिवस होता. १९४६ साली त्याच तारखेला रत्नागिरीत दोघांचं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं होतं, भटजी आणि मंत्रांशिवाय. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ रोजी गेल्या, पुलंच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. पिंड द्यायला पुढची पिढी नाही. तरीही दर वर्षी ८ नोव्हेंबर आणि १२ जून आले, की महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांत सभागृहं आरक्षित होतात, पेटी बाहेर निघते, कुणीतरी 'अंतू बर्वा' वाचतं, कुणीतरी 'म्हैस' करून दाखवतं. शिवजयंतीसारखा तिथी की तारीख हा वादही इथे कधी झाला नाही. पुलंना तारीख चालते.

हे जे चालतं ते काय आहे? श्राद्ध म्हणावं तर नातं नाही. भक्ती म्हणावी तर या माणसानं भक्तांची टर उडवण्यात उभी हयात घालवली. करमणूक म्हणावी तर लोकांना शब्द न् शब्द पाठ असलेल्या विनोदाला दर वर्षी नव्यानं हसण्याचं कारण काय? प्रश्न धर्माचा आहे, कारण मेलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो हे ठरवायचं काम आपल्याकडे धर्मानंच अंगावर घेतलं होतं.

श्राद्धाचा हिशोब नेमका आहे. नाव घेऊन पिंड मिळतो तो तीनच पिढ्यांना: वडील, आजोबा, पणजोबा. त्यापलीकडचे तिघे 'लेपभाज', म्हणजे पिंड दिल्यावर हाताला जे चिकटून राहतं तेवढ्याचे धनी. त्याच्याही पलीकडे कुणाला काही नाही. विसरणं हे आपल्या पूर्वजांनी पाप मानलेलं दिसत नाही. त्याची त्यांनी शिस्तीत व्यवस्था लावली, आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली.

पण ज्याला सगळ्यांनी आठवावं असं वाटतं, त्याचं काय? महाभारताच्या वनपर्वात इंद्रद्युम्न राजाची गोष्ट आहे. पुण्याच्या बळावर राजा स्वर्गात गेला होता. पृथ्वीवर त्याची कीर्ती विसरली गेली आणि त्याला स्वर्गातून खाली ढकलण्यात आलं. 'मला ओळखता का?' असं विचारत तो चिरंजीव मार्कंडेयांकडे गेला. ते म्हणाले, नाही. त्यांच्याहून म्हातारं एक घुबड होतं, त्यालाही आठवेना. घुबडाहून म्हातारा बगळा होता, तोही मान हलवून मोकळा झाला. शेवटी एका सरोवरातल्या अकूपार नावाच्या कासवानं राजाला ओळखलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. राजानं दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी जमीन खचून ते सरोवर झालं होतं, आणि कासव त्याच पाण्यात राहत होतं. तेवढ्या एका साक्षीवर राजाला स्वर्गातली जागा परत मिळाली.

या गोष्टीत राजाचा पुतळा नाही, त्याच्या नावाचा उत्सव नाही. त्याला ओळखणारा एकच प्राणी आहे, आणि राजाच्या हातून झालेल्या गोष्टीत तो रोज जगतो आहे. तळं करायचं असं राजानं ठरवलेलंही नव्हतं.

पुलंच्या मागे अशी तळी किती आहेत, याची मोजदाद सोपी नाही. १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटात ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना त्यांनी चाल लावली आणि आशा भोसले यांनी ते गाणं गायलं: 'नाच रे मोरा'. त्याच वर्षीच्या 'गुळाचा गणपती'त कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका अशी सगळी आघाडी त्यांनी सांभाळली, म्हणून 'सबकुछ पु. ल.' हा शब्दप्रयोग रूढ झाला. भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' हे त्याच चित्रपटातलं. आज ते ऐकून डोळे मिटणाऱ्या अनेकांना ती चाल एका विनोदी लेखकाची आहे हे माहीत नसतं. मंगेश पाडगावकरांच्या 'शब्दावाचुन कळले सारे'ला पुलंची चाल, जितेंद्र अभिषेकींचा आवाज. गूगलनं ८ नोव्हेंबर २०२० रोजी मुखपृष्ठावर त्यांचं चित्र काढलं तेव्हा त्यांच्यापुढे पेटी ठेवली, हे योग्यच झालं.

गाण्याचं स्मरण करणं त्या मानानं सोपं असतं, कारण गवयांनी त्याची रीत घालून दिली आहे. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीला गाणं सुरू केलं. आज त्या उत्सवाला देशभरातून माणसं येतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं, आणि तिथल्या उरुसात गवई येऊन हजेरी लावतात. हिंदू गवयांनी मुसलमान गुरूच्या कबरीपाशी गाण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. या बरसीत भाषणं कमी आणि गाणं जास्त. गुरूची आठवण म्हणजे गुरूनं दिलेला राग नीट गाणं, इतका तो सरळ व्यवहार आहे.

पंचाईत होते ती विनोदाची. राग शंभर वेळा गायला तर तो खुलतो, विनोद शंभर वेळा सांगितला तर त्याचं सुभाषित होतं. शिवाय आदर ही हसण्याला मानवणारी गोष्ट नाही. समई लावायची, प्रतिमेला हार घालायचा, 'महाराष्ट्राचं लाडकं व्यक्तिमत्त्व' म्हणून अध्यक्षांनी वीस मिनिटं बोलायचं, मग कुणीतरी 'बटाट्याच्या चाळी'तल्या सांस्कृतिक चळवळीचा उतारा वाचायचा. हा सगळा बेत त्या चाळीच्या एखाद्या प्रकरणात जसाच्या तसा शोभला असता. ज्यांनी समारंभांची खिल्ली उडवली त्यांचाच समारंभ करायचा, यातली गंमत आयोजकांच्या लक्षात येत नाही असं नाही, पण हार तर आणून ठेवलेला असतो.

त्यातून मूर्ती घडते, आणि मूर्ती घडवताना आडवे येणारे कोपरे तासले जातात. १९७७ सालच्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध सभा गाजवणारे पुलं पुण्यतिथीच्या कार्यक्रमांत सहसा भेटत नाहीत. १९९६ साली राज्याच्या 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचे ते पहिले मानकरी ठरले. त्या सुमारास सत्ताधाऱ्यांच्या वागण्याबद्दल त्यांनी नाराजी बोलून दाखवली आणि बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. तो प्रसंगही सहसा निघत नाही. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली, पुलंच्या हयातीत आलं. सगळ्यांशी गोड असलेला हा माणूस घरात कसा होता, त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. वाचकांचा एक वर्ग तेव्हा दुखावला. आज मागे वळून पाहिलं तर पुलंची मूर्ती होऊ नये यासाठी कुणी काही केलं असेल, तर ते आधी त्यांच्या बायकोनं केलं.

दुसरी एक गोष्ट वारकरी परंपरेत आधीच घडून गेली आहे. तुकोबांची मुद्रा वापरून मागाहून कितीतरी अभंग रचले गेले, आणि गाथेतले मूळचे कोणते व क्षेपक कोणते हे ठरवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुठलाही बऱ्यापैकी विनोद आला की त्याच्या खाली 'पु. ल. देशपांडे' असतं. मोबाइलवरचे, नोटाबंदीवरचे, करोनावरचे विनोदही पुलंच्या नावावर खपतात. पुलं २००० सालीच गेले याची अडचण कुणाला होत नाही. चिडण्यासारखी ही गोष्ट आहे खरी. पण ज्याच्या नावावर लोक आपलं स्वतःचं ठेवून देतात, त्याला त्यांनी परकं मानलेलं नसतं, एवढं त्यातून कळतं.

'व्यक्ती आणि वल्ली'तले हरितात्या इतिहास असा सांगतात, की शिवाजी महाराजांच्या शेजारी आपण उभे होतो असं ऐकणाऱ्याला वाटावं. पुलंना कधीही न पाहिलेली, २००० नंतर जन्मलेली मुलं आता स्पर्धांत त्यांच्या लकबी करून दाखवतात, आणि परीक्षक म्हणून बसलेली मंडळी 'पुलं इथे थांबायचे' असं सांगतात. हरितात्यांचा संप्रदाय बराच वाढला आहे. नकलेचा धोका त्यात आहेच. पुलंचा विराम जसाच्या तसा उचलणारा मुलगा स्वतःच्या गल्लीतल्या अंतू बर्व्याकडे बघायला विसरला, तर त्यानं पुलंकडून काहीच घेतलं नाही असं म्हणावं लागेल.

इथे शास्त्रातलीच दुसरी एक विभागणी उपयोगी पडते. माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो असं वैदिक परंपरा मानते: देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. देवांचं यज्ञानं फिटतं, पितरांचं संततीनं. ऋषींचं ऋण फिटतं ते अध्ययनानं, त्यांनी जे दिलं ते शिकून आणि पुढे देऊन. पुलंच्या वार्षिक स्मरणाचा घोळ होतो तो खातं चुकल्यामुळे. हार, प्रतिमा, गहिवर ही पितरांच्या खात्यातली देणी आहेत. कलावंताचं देणं ऋषींच्या खात्यात पडतं, आणि तिथे फुलं जमा होत नाहीत. ज्याला पेटीवर बोट ठेवता येतं, ज्याला शेजारच्या माणसाचं हसू करताना त्याचा अपमान न करणं जमतं, ज्याला कुमार गंधर्वांचं गाणं आणि चाळीतलं भांडण एकाच कानानं ऐकता येतं, त्याच्याकडून थोडंफार फिटतं.

पुलंनी स्वतः गेलेल्यांना याच रीतीनं आठवलं. 'गुण गाईन आवडी' हे पुस्तक म्हणजे माणसांच्या गुणांची मन भरून केलेली उजळणी. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, गोव्याचे बा. भ. बोरकर १९८४ साली. पुलं आणि सुनीताबाईंनी या दोघांच्या कविता लोकांपुढे मोठ्यानं वाचल्या. बोरकरांच्या कवितांचा त्यांचा कार्यक्रम 'एक आनंदयात्रा कवितेची' या नावानं ध्वनिमुद्रित आहे. त्यात कवीबद्दल बोलणं आहे, पण बोलणं होतं ते कवितेकडे जाण्यापुरतं.

पैशाच्या बाबतीतही हीच रीत. अनिल अवचट आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पुलं आणि सुनीताबाईंनी सुरुवातीची मोठी देणगी दिली. पुढे पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली, त्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा त्या नावाचा आहे, आणि ऋषितर्पणात ज्यांना पाणी देतात त्यांतही पुलस्त्य आहेत. तिथे येणारी मुलं दुर्बिणीला डोळा लावतात, प्रयोग करतात, आणि इमारतीच्या नावात पु. ल. लपले आहेत हे कुणी सांगितलं तरच त्यांना कळतं.

पुलंचं प्रत्यक्ष सादरीकरण पाहिलेली पिढी आता उताराला लागली आहे. तिच्या मुलांनी त्यांना कॅसेटवर ऐकलं, परदेशी गेलेल्यांनी तर सामानात कपड्यांच्या घडीत त्या कॅसेट नेल्या. नातवंडं मोबाइलवर तुकड्यातुकड्यानं ऐकतात. श्राद्धाच्या हिशोबानं नाव घ्यायच्या तीन पिढ्या इथेच पुऱ्या होतात. चौथीचं काय होईल, याची चिंता आयोजकांनी जरूर करावी. पण १२ जूनच्या आसपासच महाराष्ट्रात पाऊस येतो, शाळा उघडतात, आणि बालवाडीतल्या बाई पहिल्याच आठवड्यात मुलांना 'नाच रे मोरा' म्हणायला लावतात. चाल कुणाची हे त्या बाईंनाही ठाऊक असेलच असं नाही. पुण्यतिथी म्हणून त्या वर्गात कुणी फोटो आणि हार घेऊन शिरलं, तर पोरांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवावं लागेल, आणि गाणं बंद पडेल.