सामर्थ्याचा अज्ञातवास

मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटांकडे आपल्याकडील विचारी माणूस सहसा फिरकत नाही, आणि फिरकलाच तर नातवंडांचा राखणदार म्हणून. परंतु ब्रॅड बर्ड या दिग्दर्शकाने पिक्सार कंपनीसाठी २००४ साली सिद्ध केलेला ‘द इन्क्रेडिबल्स’ हा चित्रपट, ज्याची हिंदी आवृत्ती ‘हम हैं लाजवाब’ या नावाने निघाली आणि जिच्यातील बापलेकांना शाहरुख खान व त्याचा मुलगा आर्यन या खऱ्याखुऱ्या बापलेकांनी आवाज दिले, अशा उपेक्षेस पात्र नाही. त्यातील बाप अचाट बळाचा, आई हवी तितकी लांबणारी, मुलगी अदृश्य होणारी आणि मुलगा वाऱ्यालाही मागे टाकणारा आहे. पण नुसत्या अद्भुत शक्तीच पाहावयाच्या असत्या तर तसले वीर आज पैशाला पासरी मिळतात. या कुटुंबाची मोहिनी त्याच्या सामर्थ्यात नसून ते सामर्थ्य त्याला दाबून ठेवावे लागते यात आहे, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच करमणुकीच्या आवरणाखाली एक जुना धर्मविषयक प्रश्न तेथे वास करीत आहे. ज्याच्या अंगी बळ आहे त्याने ते लपवावे काय, आणि लपविले तर त्यास व्रत म्हणावे की असत्य?

या लपविण्याचे मूळ एका फिर्यादीत आहे. जीव देण्याकरिता उंच इमारतीवरून उडी टाकणाऱ्या इसमास नायक वरच्यावर झेलतो, आणि तोच इसम, मला मरावयाचे होते, मला वाचविण्याचा यास अधिकार काय, म्हणून न्यायालयात जातो. (परोपकाराची इतकी मार्मिक थट्टा मी क्वचितच पाहिली आहे.) पाठोपाठ खटल्यांची रांग लागते, नुकसानभरपाईचा बोजा सरकारच्या अंगावर येतो, आणि अखेर हुकूम सुटतो की सर्व महावीरांनी आपापले वेष उतरवून सामान्य रयतेत मिसळून जावे. पंधरा वर्षांनी पाहावे तो बळाचा तो पर्वत एका विमा कंपनीच्या दप्तरात, चिंचोळ्या खणात, लोकांचे अर्ज नामंजूर करीत बसलेला.

विराटपर्व ऐकत वाढलेल्या श्रोत्यास येथे ओळख पटल्याखेरीज राहत नाही. धर्मराज कंक झाला, भीम बल्लव नावाचा आचारी, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. शस्त्रे शमीवृक्षावर चढली, आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेत बांधले गेले. विदर्भात तर ही कथा घरचीच. भीमाने कीचकाला लोटून दिले ती चिखलदऱ्याची दरी, त्याने अंग धुतले ते भीमकुंड, आणि विराटाची राजधानी ती वैराट, असे सांगणारे वाटाडे मेळघाटात आजही भेटतात. पंडितांनी मत्स्यदेश जयपूरच्या बाजूस नेऊन ठेवला आहे, पण त्यामुळे वाटाड्याचे काही अडत नाही.

कथेतील एक प्रसंग आणि चित्रपटातील एक प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. भर सभेत कीचक द्रौपदीस लाथ मारतो, भीमाची नजर बाहेरच्या एका वृक्षाकडे वळते, आणि तो वृक्ष कशासाठी हवा आहे हे पुरते ओळखून असलेला कंक त्याला म्हणतो की, आचाऱ्या, जळण पाहिजे असेल तर बाहेर जाऊन आण. चित्रपटात खुजा वरिष्ठ समोर बसून कामाचे जाब विचारीत आहे, खिडकीबाहेरच्या बोळात एका माणसाला मारून लुटले जात आहे, आणि नायक उठू लागताच नोकरीवरून काढून टाकण्याची धमकी मिळते. तो थांबतो, चोर पसार होतो, मग मात्र वरिष्ठाची गचांडी धरली जाते आणि ते गृहस्थ एकामागून एक भिंती फोडीत जातात. धर्मराजाच्या त्या थंड वाक्यावर महाराष्ट्राने एकेकाळी आपले सारे राजकारण तोलून पाहिले होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, प्रेक्षकांनी कीचकात कर्झन, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल ओळखले, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

तथापि दोन्ही संयम एका जातीचे नव्हेत. पांडवांचा अज्ञातवास दिल्या शब्दाने बांधलेला होता आणि त्यास एका वर्षाची मुदत होती. चित्रपटातील हुकुमास मुदतच नाही, आणि ज्या मुलांनी कोणताही पण लावला नव्हता त्यांनीही तो जन्मभर पाळावा अशी अपेक्षा आहे.

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर लागणाऱ्या आमच्या शहापुरात सामर्थ्य लपविण्याचा हा विषय मुलांना फारसा समजावून सांगावा लागत नाही. शेजारी जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना. पाळीवर जाणारा बाप तेथे काय हाताळतो हे घरात बोलले जात नाही, सायंकाळी परत येतो तो रिकामा डबा. शिवाय दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात, आणि काल बांधीत धानाचे भारे बांधणारा गडी भीम होऊन उभा राहतो. सकाळी तोच चहाच्या टपरीवर दिसतो, कानामागे थोडा रंग राहिलेला असतो, आणि त्याच्याकडे पाहताना पोरांच्या डोळ्यांत जे असते ते रात्रीच्या गदेपुरते नसते.

चित्रपटातील त्याच विमा कचेरीत एक म्हातारी येते. तिचा अर्ज नामंजूर झाल्याचे नायक मोठ्याने सांगतो, आणि खालच्या आवाजात कोणता कागद कोणत्या खात्यात न्यावा, कोणाला भेटावे, हे सारे तिला लिहून घेण्यास सांगतो. वर पुन्हा मोठ्याने खेद व्यक्त करतो आणि तिला रडण्याचे सोंग करावयास लावतो. पुढे ज्वालामुखीच्या बेटावर यंत्रराक्षसाशी झुंजताना त्याचे जे बळ दिसते त्याहून मला हे मोठे वाटते. नाव झाकलेले, पण गुण जागा. पांडवांनीही हेच केले होते. कंकाने विराटाशी द्यूत खेळताना हात आखडला नाही. जिंकलेले धन तो गुपचूप भावांत वाटीत असे. ब्रह्मोत्सवात जीमूत नावाचा मल्ल आला तेव्हा आचारी बल्लवाने त्यास सरळ लोळवून ठार केले. त्यांनी ओळख पुरली, कौशल्य पुरले नाही.

नेमका हा भेद चित्रपटाच्या शेवटी सुटतो. वेगवान मुलास अखेर शाळेच्या शर्यतीत उतरण्याची परवानगी मिळते, तो पुढे सुटतो, आणि प्रेक्षकांतून आईबाप हातवारे करून त्याला आवरतात. पोरगा वेग कमी करतो आणि दुसरा येतो, सारे घर आनंदात. आपणही हसतो. परंतु पहिला आलेल्या मुलाचे काय? त्यास मिळालेले यश कोणी तरी प्रेक्षकांतून ठरवून दिलेले आहे, हे त्याला कधीच कळणार नाही. ज्या चित्रपटाने जन्मजात शक्ती नसलेल्या, झिडकारल्या गेलेल्या चाहत्यास खलनायक केले आणि त्याच्या जखमेकडे पुन्हा वळून पाहिले नाही, त्याने या मुलाकडेही पाहू नये हे सुसंगतच आहे. व्यासांनी एकलव्याचा अंगठा वाचकाच्या डोळ्यांसमोरून कधी हलू दिला नाही. बर्ड यांना ती अडचण वाटलेली दिसत नाही.