अधिकार आणि अधिकारी

'अधिकार' हा शब्द शास्त्रात आणि व्यवहारात दोन भिन्न अर्थांनी चालतो. शास्त्रात अधिकार म्हणजे योग्यता. व्यवहारात अधिकार म्हणजे सत्ता. चार माणसांकडून काम करवून घेणाऱ्याच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले पाहिजेत. ते विलग झाले की अनर्थ ओढवतो, आणि तो प्रथम भोगावा लागतो सर्वांत दुर्बळास.

पुणे-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे दोन मार्ग जेथे मिळतात, त्या आळेफाट्यावर जुन्नर बाजार समितीचा उपबाजार आहे. तेथे कांद्याचे लिलाव होतात. अशा बाजारात शेतकरी माल आणतो, हमाल उतरवितो, मापाडी तोलतो, आडत्या विकून देतो आणि दिवाणजी हिशोबपट्टी लिहितो. पूर्वी कित्येक पेठांत 'हत्ता' पद्धत होती. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. ज्याचा माल, त्यालाच तो कळत नसे. नियंत्रित बाजारांत तिच्या जागी उघड लिलाव आला. महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा याच वाटेवरचा. पुढे २०१६ साली कांद्यासह फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले.

येथे शंका अशी की, कायदा झाला, लिलाव उघड झाला. मग पेढीच्या धन्याच्या नीतीचे प्रयोजन काय? समाधान असे. पन्नास किलोंच्या पिशवीमागे एक किलो 'कडता' धरला, तर शंभर पिशव्यांत दोन पिशव्यांचा माल फुकट जातो. कायदा त्यास मना करील. परंतु प्रत्येक काट्यापाशी कायदा उभा नसतो. तेथे असतो पगारी माणूस, आणि त्याची दृष्टी धन्याच्या मुद्रेकडे असते. धन्याने एकदा 'राहू द्या' म्हटले, की पेढीवरील सर्वांत लहान पोरासही कोणती चूक येथे चालते हे कळते. त्याला निराळा उपदेश लागत नाही. हाताखालच्यांचे पाप अशा रीतीने वरच्याच्या मौनातून उपजते.

मग योग्य अधिकारी ओळखावा कसा? श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर मार्गाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशोबास हे संस्कृताचे मोठे पंडित. त्यांची लेखणी त्या भाषेत सहज चाले. परंतु आचार्यांनी त्यांना संस्कृतात ग्रंथ रचण्यापासून परावृत्त केले. तसे झाले तर मार्गातील भोळ्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, हे त्यांचे कारण होते. स्मृतिस्थळात हा प्रसंग आहे. यातील मर्म असे की, निर्णय करताना आचार्यांनी समोरच्या पंडिताची हौस पाहिली नाही. ज्यांचे त्यात हित-अहित होते, त्या म्हाताऱ्यांची बाजू स्वतः घेतली. पेढीवरील हिशोबपट्टीलाही हीच कसोटी लागते. ज्याच्या नावाची ती पट्टी, त्याला ती वाचून उमगते काय?

दुसरी शंका अधिक कठीण आहे. शेजारचा आडत्या कडता धरीत असता एकट्याने तो सोडला, तर तोटा येईल, आणि त्या तोट्यात निरपराध नोकरांची भाकरी जाईल. हा तोटा खोटा म्हणता येत नाही. परंतु नफ्यातील मोठा वाटा जो घेतो, त्याने तोट्यातील पहिला वाटा घ्यावा, हाच धनीपणाचा धर्म होय. स्वतःची मिळकत अबाधित ठेवून नोकरांच्या पोटाचे निमित्त पुढे करणे ही नीती नव्हे. शिवाय, 'धनी, हे वजन चुकले' असे म्हणण्याची मोकळीक हमालास असली पाहिजे. महदाइसेचे अखंड प्रश्न स्वामींनी कधी उद्धटपणा मानले नाहीत. जेथे प्रश्नाचे भय आहे, तेथे काट्यावर विश्वास टिकत नाही.

हा विचार पेढीपुरता नाही. शाळेचा मुख्याध्यापक, कचेरीतील साहेब, आश्रमाचा महंत, ज्याच्या शब्दाने इतरांचे दिवस ठरतात त्या प्रत्येकास तो लागू आहे. सत्ता नेमणुकीने येते व नेमणुकीबरोबर जाते. योग्यता मात्र, जो आपणास जाब विचारू शकत नाही त्याच्याशी केलेल्या वर्तनानेच सिद्ध होते.