साम्राज्याचा हिशेब आणि देवाची शेते

साम्राज्ये का बुडतात, या प्रश्नाला आमच्या देवळांच्या सभामंडपांतून पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर ऐकू येई: पापाचा घडा भरला. मार्क्सच्या दृष्टीने इतिहास वाचणारा निराळे विचारतो. धान्य कोणी पिकविले, आणि त्यातील वरकड कोणाच्या कोठारात गेले?

पोर्तुगीजांचेच घ्या. 1510 साली अल्बुकर्कने गोवे घेतले. जहाजांना ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावयास लावून त्यांनी जकात उकळली. परंतु मिरी पिकविण्याची रीत त्यांनी बदलली नाही. दुसऱ्यांच्या व्यापारावर बसविलेला तो एक नाका होता. 1602 साली भागभांडवल गोळा करून डचांची कंपनी निघाली आणि 1641 मध्ये मलाक्का, 1663 मध्ये कोची पोर्तुगीजांच्या हातून गेली. पापानेच बुडावयाचे, तर 1560 साली इन्क्विझिशन बसविणारी सत्ता गोव्यात 1961 पर्यंत टिकती ना!

येथवर हे शास्त्र आम्हांस गोड लागते. परंतु गोव्यातच जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात जुन्या काबिजादींतील गावकरीची चिकित्सा केली आहे, तेथे आम्ही अडखळलो. 1526 च्या फोरालाने गावकरीचे रिवाज नोंदविले, ते सारा नियमित मिळावा म्हणून. वरची सत्ता बदलली, खालची व्यवस्था बव्हंशी तशीच राहिली. पुढे देवळे पाडून त्यांची शेते चर्चच्या पदरात घातली गेली. आमच्या मते तो घोर अधर्म, आणि तो होताच. परंतु त्या शेतात राबणाऱ्याच्या वाट्याला अधिक भाताचे दाणे केव्हा आले होते? त्यांतील कित्येकांना तर त्या देवळाचा उंबरठा ओलांडण्याची मुभाही नव्हती.

मग सारे उत्पादनाच्या नियमानेच घडते, दोष कोणाचाच नाही, असे म्हणावे काय? आम्हांस ते पटत नाही. जमीन आणि जोण मागे टाकून ज्यांनी कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग जुवारीपलीकडे प्रियोळास नेले, त्यांच्या कृतीचा उलगडा नफ्यातोट्याच्या आकडेमोडीने होत नाही. त्यांची कथा आम्ही अभिमानाने सांगतो. मात्र ती होडी कोणी वल्हविली, हे आमच्या घरी कोणी सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही.