फाटकाअलीकडचा खर्च

दिवाळीत बालगृहांना फराळ पोचवण्याची रीत महाराष्ट्रातल्या शहरांत चांगलीच रुजली आहे. डबे देणारा 'अनाथ मुलांना' दिले म्हणून समाधानाने परततो. त्या पंगतीतल्या बऱ्याच मुलांची आई, बाप किंवा दोघेही हयात असतात, हे त्याला कुणी सांगत नाही. मूल बालगृहात असते, कारण आईला रात्रपाळी असते, गावात सातवीच्या पुढे शाळा नसते, बाप दारूत बुडालेला असतो किंवा घरातले आजारपण सगळी कमाई खाऊन टाकते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातल्या अशा संस्थांची पाहणी करवून घेतली होती. तिचा अहवाल 2018 मध्ये आला. साडेनऊ हजारांहून जास्त संस्था आणि पावणेचार लाखांच्या आसपास मुले त्यात मोजली गेली. बालसंगोपनाच्या राष्ट्रीय सुधारणेची चर्चा निघाली की ती याच इमारतींभोवती फिरते: नोंदणी झाली का, कॅमेरे बसले का, मुलामागे किती चौरस फूट जागा आहे. तपासणी हवीच. संस्थांमधले अत्याचार वेळोवेळी उघडकीला आले आहेत. तरीही या सगळ्या प्रश्नांची सुरुवात मूल फाटकातून आत आल्यावर होते. ते फाटकापर्यंत का आले, याचे उत्तर योजनेच्या कुठल्याच रकान्यात ठळकपणे मागितलेले नसते.

संस्था काढणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवेच्या बाळाला खरा धोका घरच्यांकडूनच होता. त्या बाळाला दुसरे दार उघडून देणे हाच एक मार्ग होता. आजही ज्या मुलीवर घरातच अत्याचार होतो, तिला असे दार लागतेच. तेच दार आईच्या गरिबीवरचा उपाय म्हणून वापरले जाते, तिथे माझा आक्षेप आहे.

कायद्याने हे ओळखले आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय म्हटला आहे. 'मिशन वात्सल्य'मध्ये मूल घरीच राहावे म्हणून प्रायोजकत्वाचे महिना 4000 रुपये आहेत. आता अट पाहा. ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72,000 रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला 6000. रोज 250 रुपये मजुरीने महिन्यातले 24 दिवस काम मिळाले की ही मर्यादा गाठली. पंचविसाव्या दिवशी काम मिळालेली बाई कागदोपत्री सुखवस्तू होते! महाराष्ट्राची बालसंगोपन योजना त्याहून जुनी आणि अटींच्या बाबतीत काहीशी उदार आहे. तिची रक्कम 425 वरून 1100 आणि पुढे 2250 रुपयांवर आली. पण इथेही कागद आडवे येतात. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला मिळतो. नवरा सोडून गेला असेल तर त्याचा दाखला कोण देणार? परित्यक्तेला आपले एकटेपण तलाठ्यापासून तालुक्यापर्यंत सिद्ध करत फिरावे लागते, आणि दर फेरीला एक रोज बुडतो.

मंजुरी देणारी बालकल्याण समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. भामरागडच्या आईला गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे. घरी राहणाऱ्या मुलांचे काम पाहायला संस्थाबाह्य काळजीचा संरक्षण अधिकारी असतो, जिल्ह्याला एक. अहिल्यानगर जिल्ह्यात तालुके चौदा. गावोगावच्या ग्राम बाल संरक्षण समित्यांवर सरपंच आणि अंगणवाडी सेविका असतात. सेविकेला कुठल्या घरची चूल थंड आहे हे ठाऊक असते. पण मंजुरीची सही तिच्यापासून फार दूर. तिच्या शिफारशीवर पहिले तीन महिने पैसे सुरू व्हावेत आणि कागद मागाहून यावेत, एवढा एकच बदल केला तरी पुष्कळ मुले फाटकापर्यंत जाणार नाहीत, असे मला वाटते.

घरी ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. बीड जिल्ह्यातली जोडपी ऊसतोडीला निघतात, तेव्हा मुले आजीपाशी राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे काढली गेली. नाव वसतिगृह, पण बेत असा की जेवण शाळेत आणि झोप आजीच्या घरी. चालवण्यात रडकथा खूप आहेत, तरी कल्पना शहाणपणाची आहे. आजी, मामा, आत्या हे या देशातले सर्वांत मोठे बालसंगोपन खाते आहे आणि त्याला पगार नाही.

उलट, घाईने काय होते तेही पाहिले आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना कळवले की संस्थांतली मुले शंभर दिवसांत घरी पाठवावीत. कुटुंबात परत नेण्याचे तत्त्व बरोबर होते. पण टाळेबंदीने ज्या घरांची कमाई गेली होती, त्याच घरांत मुले निघाली. त्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की घरी गेलेल्या मुलाच्या शिक्षणासाठी महिना 2000 रुपये द्या. पैसे आधी आणि मूल मागून, हा क्रम उलटा झाला होता.

संस्थेला अनुदान मिळते ते डोकी मोजून. मूल घरी परतले की संस्थेची मिळकत घटते. अशा वेळी मूल घरी पाठवण्याची हौस कुणाला असेल? म्हणून सुधारणेच्या आराखड्यात संस्थांना काही वर्षे ठरावीक रक्कम द्यावी, मुले कमी झाली तरी. मुलांना सांभाळणाऱ्या काळजीवाहक बायकांना, समुपदेशकांना घरभेटींच्या कामावर आणावे. त्यांना मुले आणि त्यांची कुटुंबे दोन्ही माहीत असतात. यात तीन-चार वर्षे दुहेरी खर्च होईल, इमारतींचाही आणि घरांचाही. मुले घटली तरी खर्च का वाढला, हा प्रश्न वित्त विभाग पहिल्याच वर्षी विचारणार, आणि त्याचे उत्तर आकड्यांसकट आराखड्यातच लिहिलेले नसेल तर दुसऱ्या वर्षी कात्री आधी घरभेटींच्या तरतुदीला लागेल.